गावाचं नाव घेऊन लिहिणारा

मराठवाड्यात पावसानं दगा दिला की गावोगाव बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. एका ट्रकवर अजस्र कॉम्प्रेसर, दुसऱ्यावर खोदाईचं यंत्र आणि लोखंडी रॉडची चळत. रात्रभर धडधड चालते, खडकाची पांढरी भुकटी शिवारभर उडते. पाचशे-सातशे फुटांवरही पाणी लागलं नाही की शेतकरी कपाळाला हात लावतो आणि गाडी पुढच्या शिवाराकडे निघते. यातल्या पुष्कळ गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडू नावाच्या एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या असतात. नंबरप्लेटवर दिसणारे 'टीएन ३४' हे आकडे तिथल्याच परिवहन कार्यालयाचे. बोअरच्या यंत्रांसाठी हे गाव देशभर माहीत आहे. त्याच्या आसपासचा कोंगू प्रदेश आपल्या मराठवाड्यासारखाच कोरडवाहू आहे. ज्वारी, भुईमूग, शेळ्यामेंढ्या आणि बांधाबांधावर ताडाची झाडं. गावाला लागून एक डोंगर आणि डोंगरावर अर्धनारीश्वराचं जुनं देऊळ.

पेरुमाळ मुरुगन या गावाचे कादंबरीकार. आपल्याकडे बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०१५ साली, आपल्यातला लेखक मेला असं त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं तेव्हा. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिलं गेलं त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतं, झुंडशाही होती, न्यायालय होतं. कादंबऱ्या फार थोड्या होत्या. ही उणीव मला खुपते. वादामुळे प्रसिद्ध झालेल्या लेखकाचं लेखन वादाच्या पुराव्यासारखं वाचलं जातं. मुरुगन यांच्या बाबतीत तसं झालं तर आपलं मोठं नुकसान आहे, कारण जात आणि माया एकाच घरात, एकाच ताटात कशा नांदतात हे त्यांच्याइतक्या बारकाईनं सांगणारे आजचे भारतीय कादंबरीकार थोडे आहेत. आणि त्यांच्यावर नेमका घाव कुठे बसला हेही कादंबऱ्या वाचल्याशिवाय उमजत नाही.

त्यांचा जन्म १९६६ सालचा, तिरुचेंगोडूजवळच्या एका शेतकरी कुटुंबात. जात गौंडर, म्हणजे त्या मुलखातली जमीनधारक, वजनदार जात. मात्र घरची जमीन बेताची. वडील गावातल्या सिनेमा थिएटरात सोड्याचं दुकान चालवायचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले हे पहिलेच. पुढे मद्रास विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली, ती आर. षण्मुगसुंदरम यांच्या लेखनावर. याच कोंगू मुलखातल्या माणसांची बोली कादंबरीत आणणारा हा आधीच्या पिढीतला लेखक. मग नामक्कलच्या सरकारी कॉलेजात तमिळचे प्राध्यापक म्हणून वर्षानुवर्षं नोकरी. फावल्या वेळात या माणसानं कोंगू बोलीचा शब्दकोश तयार केला. शेतीची अवजारं, जनावरांचे रोग, नात्यांची संबोधनं, शिव्या, खाणाखुणा सगळं त्यांनी गोळा केलं. कागलच्या आनंद यादवांची आठवण इथे होतेच. तेही शेतकऱ्याच्या घरातले, पोटाला चिमटा काढून शिकलेले, प्राध्यापक झालेले आणि बोलीचा मान राखून लिहिणारे. दोघांमधला सारखेपणा इथेच संपत नाही, त्याकडे मी पुढे येईन.

पहिली कादंबरी 'एरुवेयिल' १९९१ ची. मुरुगन तेव्हा पंचविशीत होते. गृहनिर्माण मंडळ वसाहतीसाठी शेतं ताब्यात घेतं, हातात पैसा येतो, आणि एक शेतकरी कुटुंब आतून पोखरत जातं. सरकारला शिव्या घालून ही गोष्ट सांगता आली असती. मुरुगन यांचं लक्ष मात्र घराकडे लागलेलं असतं. पैशाच्या वाटणीवरून भाऊ भावाशी कसा बोलतो, बाप कुणाकडे बघायचं टाळतो, बहिणीच्या लग्नाचा विषय कोण कधी काढतं. दुसरी 'निळल मुट्रम' सिनेमा थिएटरात सोडा विकणाऱ्या, तिथेच खाणाऱ्या-झोपणाऱ्या पोरांची. वडिलांच्या दुकानावर बसून पाहिलेलं जग आहे ते. पडद्यावर नायकाचा जयजयकार चालू असतो आणि खाली मध्यंतराच्या आत बाटल्या संपवायच्या असतात.

त्यानंतर २००० साली 'कूळ मादारी' आली आणि मुरुगन यांचा खरा विषय उघडा पडला. गौंडराच्या शेतावर शेळ्या राखायला सालानं ठेवलेला एक दलित पोरगा आणि मालकाचा त्याच्याच वयाचा मुलगा. दोघं दिवसभर रानात एकत्र असतात. विहिरीत पोहतात, ताडगोळे खातात, एकमेकांच्या खोड्या काढतात. ही मैत्री खोटी नाही, आणि लेखकही ती खोटी ठरवत नाही. पण खेळात वाद झाला की मालकाचा मुलगा एका क्षणात मालक होतो, आणि गड्याच्या पोराला मान खाली घालावी लागते. घरून येणारं शिळं अन्न दुरून ओतलं जातं, कामात कसूर झाली की मार बसतो, सालाचे पैसे बाप आधीच उचलून खाऊन बसलेला असतो. पोराला आपल्या राखणीतल्या एकेका शेळीचा स्वभाव ठाऊक आहे. कोणती हट्टी, कोणती पोटभरू, कोणती पिल्लाला पाजत नाही. त्याच्या नजरेतून सारं रान जिवंत होतं. कादंबरीचा शेवट विहिरीच्या पाण्यात होतो. तिथे पोचेपर्यंत वाचकाला दोन्ही पोरांचा इतका लळा लागलेला असतो की कुणाच्या बाजूनं उभं राहावं हा प्रश्न पायाखालून निसटतो.

मराठीत असं काय आहे, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. आपलं ग्रामीण साहित्य समृद्ध आहे. 'बनगरवाडी'पासून 'बारोमास'पर्यंत शेतकरी, धनगर, कोरडवाहू माणूस आपल्या कादंबरीत आला. पण बहुतेकदा तो सोसणारा म्हणून आला. निसर्ग, सावकार, बाजार, सरकार त्याला पिळतात, आणि ते खरंच आहे. त्याच्या गोठ्यात राबणाऱ्या सालगड्याचं आणि त्याचं नातं मात्र लिहायचं राहिलं. ते लिहिलं दलित लेखकांनी, दुसऱ्या बाजूनं, आणि बहुतेक आत्मकथनांमधून. कान तुटलेला वेगळा कप आपल्या घरात कुठल्या कोनाड्यात असायचा, हे त्या घरातल्या लेखकानं सांगितल्याची उदाहरणं थोडीच सापडतील. मुरुगन त्या घरातले आहेत आणि त्यांनी ते सांगितलं. कोंगू मुलखात कपाऐवजी करवंटी असे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि इतरांना जातीविषयीचे स्वतःचे अनुभव लिहायला लावले आणि २०१३ मध्ये त्या लेखांचं पुस्तक केलं. त्याच्या इंग्रजी अनुवादाच्या नावातच करवंटीतली कोरी कॉफी आहे. सगळ्या जातींची मुलं त्यात लिहितात, वरचढ जातींचीही. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांना आपापल्या घरात काय चालतं हे उघड बोलायला लावणं हे शिक्षक म्हणून त्यांनी केलेलं फार मोठं काम आहे असं मला वाटतं.

'कंगणम' ही २००७ ची कादंबरी मराठी वाचकानं आवर्जून वाचावी. तिचा नायक मारिमुत्तू पस्तिशीचा, शेतीवाडी असलेला, धडधाकट गौंडर. त्याला मुलगी मिळत नाही. एका पिढीनं मुली पोटातच मारल्या, आता पुढच्या पिढीला नवरी नाही. दलाल पैसे खातात, कुंडल्या फिरतात, लग्नाच्या पंगतीत म्हाताऱ्या खवचटपणे चौकशा करतात, आणि हा माणूस रात्री शेतावरच्या खोपटात एकटा पडून राहतो. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. 'आम्हाला बायको द्या' ही मागणी होती. वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, हा आकडा त्या बातमीशेजारी ठेवला की गंमत उरत नाही. मुरुगन यांनी त्या मोर्चाच्या पंधरा वर्षं आधी घोड्यावरच्या माणसाच्या मनात शिरून पाहिलं. त्यांनी मारिमुत्तूची कीव केली नाही आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं केलं नाही. घराण्यात मुली का नाहीत, हा प्रश्न मारिमुत्तूच्या घरातल्या बायकांच्या बोलण्यातून हळूहळू वर येतो आणि मग तो घशात अडकतो.

आणि मग २०१० ची 'मादोरुबागन'. गोष्ट स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली. काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपं. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. दोघांचं एकमेकांवर अतोनात प्रेम. काली सासुरवाडीच्या अंगणात स्वतः लावलेल्या पारोशा पिंपळाच्या झाडाखाली खाटेवर पडलेला असतो, तिथून कादंबरी सुरू होते. लग्नाच्या वेळी आणून खोवलेली फांदी आता अंगणभर सावली धरून आहे. लेखक या झाडाविषयी अधिक काही बोलत नाही, पण ज्याला मूल नाही त्या माणसाच्या नजरेला ते झाड कसं दिसत असेल हे वाचकाला कळतं.

मूल नसण्याची शिक्षा या जोडप्याला कोण देतं? दुष्ट असं कुणीच नाही. शेजारची बाई पोन्नाला बारशाला बोलवत नाही, पेरणीच्या वेळी बियाण्याला हात लावू नको म्हणते. सोबती पारावर बसल्या बसल्या कालीच्या पुरुषपणावरून टोमणा मारतात आणि स्वतःच हसतात. दोन्हीकडच्या आया नवस सांगतात. डोंगरावर, कड्याच्या टोकाला वांझ बायकांनी प्रदक्षिणा घालायचा एक दगड आहे. पाय घसरला तर खाली दरी. पोन्ना तीही प्रदक्षिणा घालते. हा प्रसंग मी ज्या ज्या वेळी वाचला त्या त्या वेळी अंगावर काटा आला, कारण तिला तिथे कुणीही ढकलत नाही. सगळे काळजीनं बघत उभे असतात.

शेवटी दोन्ही घरं एक मार्ग काढतात. डोंगरावरच्या देवाच्या वार्षिक यात्रेत देव परत वर जायच्या रात्री जातपात, ओळखपाळख बाजूला ठेवून निपुत्रिक बाईनं अनोळखी पुरुषाकडून गर्भ घ्यावा, तो पुरुष देवच मानावा आणि होणारं मूल देवाचं मानावं, अशी प्रथा कादंबरीत आहे. काली याला ठाम नकार देतो. मग त्याची आई, सासू, आणि त्याचा जिवलग मित्र असलेला मेहुणा मुत्तू मिळून डाव रचतात. मेहुणा त्याला दारू प्यायला दूर नेतो. पोन्नाला सांगितलं जातं की कालीनं होकार दिलाय. ती जाते. पहाटे काली परततो तेव्हा घराला कुलूप असतं.

यात कोण वाईट? मित्र मित्राचं भलं करू पाहतो. आईला नातू हवाय, आणि मुलाला लोकांच्या बोलण्यातून सोडवायचंय. बायको नवऱ्यासाठी जाते. आणि या सगळ्यांच्या मायेनं मिळून एक संसार मोडतो. मुरुगन यांच्या कादंबऱ्यांत परका शत्रू जवळजवळ सापडतच नाही. जो तुला जेवू घालतो, आजारपणात उशाशी बसतो, तुझ्या शेताला पाणी देतो, तोच तुझ्या अंगावर जातीचा आणि कुळाचा फास आवळतो, आणि आवळताना त्याचे डोळे भरून आलेले असतात. या जवळिकीच्या जुलमाबद्दल बोलायची हिंमत आपल्यात फार कमी असते, कारण बोललं तर आईविरुद्ध बोलावं लागतं.

मुरुगन यांनाही काली-पोन्नाला तिथेच सोडून देववेना. २०१४ मध्ये त्यांनी या गोष्टीच्या पुढे दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या, 'आलवायन' आणि 'अर्धनारी'. एकीत काली जीव देतो आणि पोन्ना उरते. दुसरीत काली जगतो आणि दोघांमध्ये अबोला उरतो. एकाच दुःखाच्या दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून बघणारा लेखक मला फार प्रामाणिक वाटतो. पण या दोन कादंबऱ्या आल्या आणि वणवा पेटला.

'मादोरुबागन' येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. २०१३ मध्ये अनिरुद्धन वासुदेवन यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आला होता. २०१४ च्या डिसेंबरात तिरुचेंगोडूत काही जातीय आणि धार्मिक संघटनांनी हाकाटी केली की या पुस्तकानं गावच्या बायकांची, देवाची आणि यात्रेची बदनामी केली. आठ-दहा पानं झेरॉक्स करून वाटली गेली. प्रती जाळल्या, गाव बंद झालं, घरी रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. पोलिसांनी मुरुगन यांना घर सोडून बाहेरगावी जायला सांगितलं. मग १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कलच्या जिल्हाधिकारी कार्यालयात 'शांतता बैठक' झाली. बैठकीत काय झालं ते न्यायालयाच्या कागदपत्रांमुळे तपशीलवार माहीत आहे. अधिकारी एका बाजूला, संघटनांचे पुढारी दुसरीकडे, मध्ये मुरुगन आणि त्यांचे वकील. मुरुगन यांनी दिलगिरी लिहून दिली, ती पुरेशी ठरली नाही. मसुदा बदलत बदलत बिनशर्त माफीवर येऊन थांबला. न विकलेल्या प्रती परत घ्यायच्या, वादग्रस्त भाग काढायचा, सही करायची. त्यांनी सही केली. त्यानंतर लगेच ती फेसबुकवरची नोंद आली: लेखक मेला, तो देव नाही म्हणून परत उठणार नाही, यापुढे फक्त शिक्षक पी. मुरुगन जगेल. आपली सगळी पुस्तकं विक्रीतून काढा, नुकसान भरून देईन, असं त्यांनी प्रकाशकांना कळवलं.

आनंद यादवांकडे आता परत यायला हवं. २००९ साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष होते. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, अध्यक्षपद सोडलं, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. कादंबरी कशी होती, तिच्यात काय चुकलं, याची चर्चा साहित्यिकांनी करायला हवी होती. ती झाली नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की महाराष्ट्रातली एकही मोठी साहित्यसंस्था त्यांच्यासाठी कोर्टात गेली नाही. तमिळनाडूत पुरोगामी लेखक-कलावंत संघ मद्रास उच्च न्यायालयात गेला. तो गेला नसता तर बैठकीतली सही हाच शेवट ठरला असता. हा फरक आपण लक्षात ठेवावा असं मला कळकळीनं वाटतं.

न्यायालयाचा निकाल ५ जुलै २०१६ चा, मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या खंडपीठाचा. पुस्तक अश्लील नाही, ज्याला आवडत नाही त्यानं मिटून ठेवावं, नामक्कलच्या बैठकीतला समझोता कायद्यानं बंधनकारक नाही, आणि लेखकानं पुन्हा लिहायला लागावं, असा त्याचा आशय. भारतीय न्यायालयानं कादंबरी इतकी लक्ष देऊन वाचल्याची उदाहरणं विरळा. निकालपत्रात काली-पोन्नाची गोष्ट सविस्तर येते, जुन्या तमिळ परंपरेचे दाखले येतात. निकाल आनंदाचा होता, आजही आहे.

तरीही एक गोष्ट कुठल्याही निकालाला परत देता आली नसती. विरोधकांचा मुख्य आग्रह काय होता ते पाहा. गोष्ट काल्पनिक असेल तर आमच्या गावाचं नाव कशाला? वाद पेटल्यावर मुरुगन यांनीही पुढच्या आवृत्तीतून तिरुचेंगोडूचं नाव काढायची तयारी दाखवली होती. वरवर पाहता ही किरकोळ तडजोड. नाव बदललं, गोष्ट तीच राहिली, असं कुणालाही वाटेल. पण ज्या लेखकाचं सगळं लेखन आपल्याच माणसांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाविषयी आहे, त्याच्या हातून गावाचं नाव काढून घेतलं तर 'आपली माणसं' कुणाला म्हणायचं? 'मादोरुबागन'साठी ते त्या डोंगरावर फिरले होते, बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या शिष्यवृत्तीवर गावचा इतिहास, दंतकथा, माणसांची नावं गोळा केली होती. 'देवानं दिलेलं पोर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वयस्क माणसांविषयी ऐकलं होतं. नवसानं झालेल्या मुलांना आपण देवाची नावं ठेवतो, तसंच तिथे अर्धनारी हे नाव. काल्पनिक गावात काली-पोन्ना ही एक हृदयद्रावक प्रेमकथा असते. तिरुचेंगोडूत ती साक्ष होते.

निकालानंतर दीड महिन्यानं, ऑगस्ट २०१६ मध्ये, मुरुगन दिल्लीत लोकांसमोर आले ते कवितासंग्रह घेऊन. अज्ञातवासातल्या जवळपास दोनशे कविता, आणि संग्रहाच्या नावात 'भित्र्याची गाणी'. आपल्या आत आता एक सेन्सॉर येऊन बसला आहे आणि तो प्रत्येक शब्द तपासून बघतो, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं. पुढच्या कादंबऱ्या वाचताना हे सतत मनात राहतं.

त्याच वर्षाअखेरी 'पूनाच्ची' आली. प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगून टाकलं की माणसांविषयी लिहायची भीती वाटते, देवांविषयी त्याहून जास्त. असुरांविषयी लिहिता येईल, आणि जनावरांत गाय-डुकराचं नाव काढायची सोय नाही, म्हणून शेळी. कोरडवाहू मुलखातल्या एका म्हाताऱ्याला एक धिप्पाड परका माणूस मांजराच्या पिल्लाएवढं काळं करडू देऊन जातो. म्हातारा-म्हातारी ते पोरासारखं वाढवतात. या राज्यात प्रत्येक शेळीचा कान सरकारी कचेरीत टोचून घ्यावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, करडू कुठून आलं याचा खुलासा करावा लागतो, आणि सरकारबद्दल कुणी उघड बोलत नाही. काळ्या शेळ्यांवर सरकारचा विशेष डोळा आहे. मग दुष्काळ येतो, आणि पूनाच्चीवर जीव टाकणारी म्हातारी भुकेपायी कशी बदलते, हे वाचताना 'कूळ मादारी'तला मुरुगन पुन्हा भेटतो. शेळीचं वेत, तिचं फळणं, करडं विकली जातानाचा तिचा कासावीसपणा हे सगळं शेळ्या राखलेल्या माणसाच्या हातचं आहे. एन. कल्याण रमण यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ही कादंबरी जगभर गेली. ती मोठी कादंबरी आहे याबद्दल मला शंका नाही. भीतीतून निर्माण झालेलं रूपक इतकं जिवंत क्वचितच असतं.

पण २०१८ ची 'कळिमुगम' वाचताना तोटा दिसतो. असुरलोकातला सरकारी कारकून, त्याचा इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा, मुलाला हवा असलेला महागडा मोबाइल. विषय चांगला, निरीक्षणं मार्मिक. मात्र पात्रांची नावं असुरांची, गाव कुठलंच नाही, आणि माती पायाला लागत नाही. ज्या लेखकाला एका झाडावरून घर उभं करता येतं त्याला इथे टीका करण्यासाठी सबंध राज्य कल्पून घ्यावं लागतं. या कादंबरीला कमी लेखावं असं मी म्हणत नाही. सेन्सॉर आत येऊन बसला की तो आधी वाक्यं खात नाही, जमीन खातो, हे तिच्यात दिसतं. दरम्यान त्यांनी टी. एम. कृष्णा यांच्यासाठी कर्नाटक संगीतात गायची पदं लिहिली, आईच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि जुन्या कादंबऱ्या इंग्रजीत एकेक करून येत राहिल्या. 'आळंडापट्ची' या कादंबरीच्या जननी कण्णन यांनी केलेल्या अनुवादाला २०२३ चा जेसीबी पुरस्कार मिळाला. भावांच्या वाटणीतून बाहेर पडून नव्या जमिनीच्या शोधात बैलगाडी जुंपणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट नक्की वाचावी.

त्याच वर्षी इंटरनॅशनल बुकरच्या लांब यादीत पोचलेली 'पूक्कुळी' मात्र वादाच्या आधीची, २०१३ ची. सोड्याच्या दुकानात काम करणारा कुमरेसन शहरातली गोरी सरोजा लग्न करून गावी आणतो. गाव एकच प्रश्न विचारत राहतं: हिची जात कोणती? आई मारायी दारात बसून रात्रंदिवस आक्रोश करते. नातलग येऊन सरोजाचा रंग, तिचे हात, तिची चाल निरखतात आणि जातीचा अंदाज बांधतात. सरोजाची जात कादंबरीत शेवटपर्यंत सांगितलेली नाही. ही लेखकानं स्वतः ठरवून ठेवलेली मोकळी जागा आहे, आणि ती आपण नकळत भरू पाहतो तेव्हा आपणही त्या गावकऱ्यांत जाऊन बसलेले असतो. पूर्ण मोकळीक असलेला लेखक काय झाकायचं ते स्वतः ठरवतो. हे पुस्तक मुरुगन यांनी इळवरसन या धर्मपुरीच्या दलित तरुणाला अर्पण केलं आहे. दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केल्यावर २०१३ च्या जुलैत त्याचा मृतदेह रेल्वेरुळांजवळ सापडला होता. कादंबरीत गावकरी आणि आप्तच सरोजा लपलेल्या काटेरी झुडपांना चहूबाजूंनी आग लावतात.

ही आग कादंबरीपुरती नव्हती. नामक्कलच्या बैठकीला जेमतेम पाच महिने झाले होते. २३ जून २०१५ रोजी, ज्या देवळाची बदनामी झाली म्हणून तिरुचेंगोडू बंद झालं होतं त्याच अर्धनारीश्वराच्या देवळात गोकुळराज हा दलित इंजिनिअर तरुण आपल्या वर्गमैत्रिणीशी बोलत बसला होता. मुलगी गौंडर जातीची. त्याला तिथून पळवून नेण्यात आलं, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळांवर सापडलं. या खुनाबद्दल एका गौंडर जातसंघटनेच्या पुढाऱ्याला २०२२ मध्ये मदुराईच्या विशेष न्यायालयानं जन्मठेप दिली. अपिलात देवळातल्या सीसीटीव्ही चित्रणाला इतकं महत्त्व आलं की २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्वतः डोंगर चढून देऊळ पाहून आले, आणि पुढे त्यांनी शिक्षा कायम केली.